ओळख नसलेल्याने नोकरी कशी मागावी?

आपल्या समाजातील शिकलेल्या पहिल्या पिढीने नोकरी मागितली ती मुख्यतः सरकारजवळ. रेल्वे, टपालखाते, शाळा, नगरपालिका, राष्ट्रीयीकृत बँका येथे जागा निघाली म्हणजे तिची जाहिरात छापून येई. पात्रता कोणती, मुदत केव्हापर्यंत आणि राखीव जागा किती हे त्याच कागदावर वाचता येई. अन्याय तेथेही होत असे. परंतु अन्याय झाला तर बोट ठेवायला छापील कागद होता आणि दाद मागायला न्यायालय होते. आजची आपली मुले-मुली बी.कॉम., बी.बी.ए., एम.बी.ए. होऊन खाजगी कंपन्यांकडे वळली आहेत, आणि त्यांपैकी पुष्कळांच्या वाट्याला मार्केटिंगचे काम येते. कोणी औषध कंपनीचा प्रतिनिधी होतो, कोणी बँकेचे कर्ज व विमा विकतो, कोणी सदनिका दाखवीत फिरतो, कोणी दुकानादुकानांतून साबण-चहाची मागणी गोळा करतो, तर कोणी मोबाईलवर दिसणाऱ्या जाहिराती चालवितो. अशा उमेदवाराची नोकरी सुटली आणि तो दुसरी शोधू लागला म्हणजे त्याच्यावर काय प्रसंग येतो, याचा विचार आपल्या घरांतून अजून झालेला नाही. तो व्हावा एवढ्यासाठी हा लेख.

या क्षेत्राचा स्वभाव प्रथम समजून घेतला पाहिजे. येथे नोकरी जितक्या लवकर लागते तितक्याच लवकर सुटते. ठरवून दिलेला विक्रीचा आकडा, ज्याला सारे टार्गेट म्हणतात, दोन-तीन तिमाह्या ओळीने गाठता आला नाही की राजीनामा मागितला जातो. कंपनी एखादा माल बाजारातून काढून घेते आणि मालाबरोबर तो विकणारी माणसेही निघतात. वरचा अधिकारी बदलतो व येताना आपली माणसे घेऊन येतो. म्हणून मार्केटिंगमधील माणसाला उमेदीच्या काळात दोन-तीनदा बेकार राहावे लागले तर त्यात नवल नाही. नवल याचे वाटते की आपल्या घरांत ती अजूनही नामुष्की समजली जाते. ज्या बापाने नगरपालिकेत तीस वर्षे एकाच हजेरीपटावर सही केली, त्याला मुलाची चौथी नोकरी म्हणजे मुलाचा चौथा गुन्हा वाटतो.

गेल्या वर्षी एक तरुण माझ्याकडे सल्ल्यासाठी आला होता. सहा वर्षे विक्रीत काम केलेला आणि सात महिने बेकार. त्याने एका वहीत प्रत्येक अर्जाची नोंद ठेवली होती : तारीख, कंपनी, जागा आणि शेवटच्या रकान्यात उत्तर. पानेच्या पाने उलटली तरी तो शेवटचा रकाना कोराच होता. मधूनच एखाद्या ठिकाणी फोन आल्याची नोंद होती, मग पहिली मुलाखत, दुसरी, तिसरी. एका कंपनीने त्याला विदर्भातील तीन जिल्ह्यांसाठी नव्या मालाच्या विक्रीची योजना लिहून आणण्यास सांगितले. त्याने स्वतःच्या खर्चाने आठ दिवस दुकाने पालथी घातली, योजना सादर केली, वाहवा मिळविली. त्यानंतर कंपनीकडून शब्द नाही. दुसऱ्या एका कंपनीने "तुमची निवड झाली, पत्र सोमवारी मिळेल" असे फोनवर कळविले. आईने शेजारी पेढे वाटले. सोमवारी पत्र आले नाही. गुरुवारी कळले की ती जागाच तूर्त भरावयाची नाही. तो मला म्हणाला, "साहेब, नकाराचे मला काही वाटत नाही. पेढे वाटल्यावर आईला तोंड कसे दाखवू, ते सांगा." या प्रश्नाला कायद्याच्या पुस्तकात उत्तर नाही, परंतु त्याच्यावर ती वेळ का आली हे मात्र सांगता येते.

मार्केटिंगची नोकरी बहुधा ओळखीच्या वाटेने मिळते. जाहिरात छापून येण्याआधीच आतल्या माणसाला विचारले जाते, "तुझ्या पाहण्यात कोणी आहे का?" कंपन्या याला रेफरल म्हणतात व नाव सुचविणाऱ्याला कधी कधी बक्षीसही देतात. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात बोस्टनजवळच्या न्यूटन गावातील नोकरदारांना नोकरी कशी लागली याचा शोध घेतला. निम्म्याहून अधिकांना ती ओळखीतून लागली होती. आणि ती ओळख जिवलग मित्राची नव्हे, तर क्वचित किंवा कधीमधी भेटणाऱ्या माणसाची होती. घरच्या माणसांना जी माहिती असते ती आपल्यालाही असतेच; नवी बातमी दुरून येते. आता विचार करा की ज्या कुटुंबाची ही पहिलीच पिढी कंपनीच्या दारात उभी आहे, त्याची अशी दूरची ओळख कोठून असणार? ज्याचा मामा व्यापारी, काका वितरक आणि बापाचा शाळासोबती कंपनीचा विभागप्रमुख, त्याच्यासाठी कोणत्याही कायद्यात न लिहिलेली राखीव जागा असते. तिला कोणी आरक्षण म्हणत नाही एवढेच.

आणि ओळख नसताना केवळ अर्ज पाठविला तर? सुखदेव थोरात व पॉल अ‍ॅटवेल या संशोधकांनी याचीच परीक्षा घेतली. इंग्रजी वृत्तपत्रांतील ५४८ जाहिरातींना त्यांनी ६६ आठवड्यांत ४,८०८ अर्ज पाठविले. शिक्षण व अनुभव सारखाच ठेवून फक्त नावे बदलली. या जाहिरातींत औषधविक्री, संगणकविक्री, मोटारविक्री, मार्केटिंग या जागाही होत्या. २००७ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की उच्चवर्णीय हिंदू नावाच्या अर्जाच्या मानाने दलित नावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याचे प्रमाण सुमारे दोन-तृतीयांश भरले, आणि मुस्लिम नावाला तर एक-तृतीयांशच. त्याच वर्षी सुरिंदर जोधका व कॅथरीन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातील मोठ्या कंपन्यांच्या २५ मनुष्यबळ व्यवस्थापकांशी बोलून लिहिले की उमेदवाराची कौटुंबिक पार्श्वभूमी विचारणे त्यांतील बहुतेकांना अगदी योग्य वाटते. वडील काय करतात, घर कोठे आहे, भावंडे कोठे असतात. प्रश्न साधे दिसतात. पण औषधाच्या गोळ्या विकण्यासाठी बाप कोण होता हे का लागावे, याचे उत्तर कोणी देत नाही.

नोकरी सुटलेल्या माणसाच्या वाटेत आणखी एक धोंड असते. अमेरिकेत क्रॉफ्ट, लांगे व नोटोविडिग्डो यांनी विक्री, ग्राहकसेवा व कारकुनी अशा कामांसाठी बनावट अर्ज पाठवून पाहिले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसले की बेकारीचा काळ वाढत गेला तसतशी बोलावणी घटत गेली, आणि ही घट बव्हंशी पहिल्या आठ महिन्यांतच झाली. म्हणजे ज्याला भाकरीची अधिक गरज त्यालाच दार अधिक घट्ट लावले जाते. ओळख नसल्यामुळे ज्याचा शोध लांबतो, त्याच्यावर लांबल्याचा ठपकाही पडतो. एकाच कारणाची दुहेरी शिक्षा ती ही.

असे कोणी म्हणेल की बाजारात जात कोण पाहतो? माल विकला की झाले. या म्हणण्यात अर्धे सत्य आहे आणि ते आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. विक्रीच्या आकड्याला आडनाव नसते. महिन्याच्या अखेरीस किती माल खपला हे सर्वांना दिसते, आणि म्हणून कर्तबगार माणसाला हे क्षेत्र इतर कित्येक क्षेत्रांपेक्षा अधिक न्याय देऊ शकते. परंतु आकडा दाखविण्यासाठी आधी आत शिरावे लागते, आणि आत शिरल्यावर श्रीमंत वस्तीचा इलाखा कोणाला व कोरडा इलाखा कोणाला हे ठरविणारा माणूसच असतो. पूज्य बाबासाहेबांचाच दाखला घ्या. कोलंबिया विद्यापीठातून शिकून आलेल्या बाबासाहेबांनी १९१७ साली बडोदा सोडावे लागल्यानंतर मुंबईत शेअर्सचा व्यवहार करणाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. सल्ला खोटा ठरला म्हणून तो बंद पडला नाही. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाइके येईनाशी झाली म्हणून बंद पडला. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकाची जागा मिळेपर्यंतचा त्यांचा तो काळ, आज घरात बसून फोनची वाट पाहणाऱ्या प्रत्येक तरुणाने आठवावा.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. संविधानाचा अनुच्छेद १६ समान संधीची हमी देतो ती राज्याच्या नोकरीत. खाजगी कंपनीला तो थेट बांधीत नाही. नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ याच्या कलम ४ प्रमाणे अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाला व्यवसाय अथवा नोकरी करण्यास आडकाठी करणे हा गुन्हा आहे. अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ यात २०१५ साली झालेल्या दुरुस्तीनेही अशी आडकाठी गुन्हा ठरविली. नव्याने दीक्षा घेतलेली कुटुंबे मला विचारतात की धर्मांतरामुळे हे संरक्षण गेले काय? गेले नाही. अनुसूचित जातींसंबंधीच्या १९५० च्या आदेशात १९९० साली बौद्धांचा समावेश झाला असून, अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्याचा तो दर्जा कायम राहतो. परंतु हे कायदे उच्चारलेल्या शब्दाला व केलेल्या कृत्याला पकडतात. अर्जाला उत्तरच न देणाऱ्या मौनाला ते पकडू शकत नाहीत, आणि नाकारल्याचे कारण सांगण्याचे बंधन कंपनीवर नाही. त्या वहीतला कोरा रकाना कोणत्या कलमाखाली पुरावा म्हणून दाखल करावा?

खाजगी मालकाला कायद्याने हात लावता येत नाही, हे म्हणणे मात्र खरे नव्हे. १९७६ च्या समान वेतन कायद्याने खाजगी मालकालाही नोकरभरतीत स्त्रियांशी भेदभाव करण्यास मनाई केली. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने त्या रोगाच्या कारणावरून नोकरी नाकारण्यास मनाई केली, तीही सर्वांना. अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने पंधरा किंवा अधिक नोकर असलेल्या खाजगी मालकाला वंश व धर्म यांवरून भेद करण्यास बंदी आहे. आपल्याकडे २००६ साली उद्योगसंघटनांनी अनुसूचित जाती-जमातींसाठी स्वेच्छेची आचारसंहिता पुढे केली. पण स्वेच्छा ती स्वेच्छाच. खाजगी क्षेत्रातील आरक्षणाची मोठी मागणी चालू राहो. तिच्यासाठी खोळंबून न राहता तीन लहान मागण्या आजच लावून धरता येतील : जागेची पात्रता लेखी जाहीर व्हावी, मुलाखतीत कुटुंबाची चौकशी करण्यास मनाई असावी, आणि अर्ज किती आले, निवड कोणाची झाली याची नोंद ठेवून ती तपासणीस खुली असावी. यांत कोणाच्या गुणवत्तेला धक्का लागत नाही.

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर बेकार उमेदवाराने आपले रक्षण करण्यापुरते तरी कायदेज्ञान बाळगावे.

पहिली गोष्ट पैशाची. प्रशिक्षणाचे शुल्क, नोंदणी, लॅपटॉपची अनामत अशा कोणत्याही नावाने जी कंपनी उमेदवाराकडून पैसे मागते ती नोकरी देत नसून उमेदवारालाच गिऱ्हाईक करीत असते. "दहा सभासद करा, घरबसल्या कमवा" असे सांगणाऱ्या साखळी योजनांपासून तर दूरच राहावे. पैशाच्या साखळी योजनांना १९७८ च्या कायद्याने बंदी आहे आणि थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांनीही पिरॅमिड पद्धतीला मनाई केली आहे. अशा योजनेत माणूस पहिल्यांदा मावशीला, मग विहारातील सोबत्याला सभासद करतो. बुडते तेव्हा पैशाबरोबर विश्वासही बुडतो. आणि आपल्याजवळ जी थोडीबहुत ओळख असते ती अशी संपते.

दुसरी गोष्ट लिहून दिलेल्या योजनेची. मुलाखतीसाठी तयार केलेला मजकूर व आराखडा यांचा स्वामित्वहक्क, लेखी करार करून तो सोडला नसेल तर, १९५७ च्या कायद्याप्रमाणे लिहिणाऱ्याचाच राहतो, कारण तो अद्याप कंपनीचा नोकर नसतो. नुसती कल्पना मात्र त्यात सुरक्षित राहत नाही. म्हणून योजनेवर नाव व तारीख घालावी, "केवळ निवडीच्या विचारार्थ" असे लिहावे, ती ईमेलने पाठवावी व सर्व तपशील एकदम उघड करू नये.

तिसरी गोष्ट जुन्या मालकाच्या धमकीची. "दोन वर्षे प्रतिस्पर्धी कंपनीत काम करणार नाही" अशी अट करारात असते व नोकरी सुटल्यावर तिचा धाक घातला जातो. तो तरुण अशीच नोटीस घेऊन माझ्याकडे आला होता. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे व्यवसाय करण्यास बंदी घालणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो, आणि नोकरी संपल्यानंतरच्या अशा अटीला न्यायालये सहसा थारा देत नाहीत. कंपनीची गुपिते व ग्राहकांच्या याद्या नेणे ही गोष्ट वेगळी. ते करू नये.

चौथी गोष्ट कागदांची. १९७६ च्या विक्री कर्मचाऱ्यांविषयीच्या कायद्याने औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींना नेमणूकपत्र देणे बंधनकारक केले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या कामगार संहितांनी दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांत ते सर्वांसाठी केले आहे. फोनवरील शब्दावर पेढे वाटू नयेत. पत्र हाती येऊ द्यावे. दीक्षेनंतर आडनाव बदलले असेल तर राजपत्रातील प्रसिद्धीची प्रत जपून ठेवावी, नाहीतर कागदपत्रांच्या पडताळणीत अडचण येते. कर्मचारी राज्य विमा योजनेत वर्गणी भरली असल्यास, २०१८ साली सुरू झालेल्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेची चौकशी विमा महामंडळाच्या शाखेत करावी; तिची मुदत वेळोवेळी वाढविली गेली आहे. तीत बेकारीत ९० दिवसांपर्यंत सरासरी वेतनाच्या निम्मी रक्कम मिळण्याची तरतूद केलेली आहे.

आता घरातील वडीलधाऱ्यांना दोन शब्द. १९३० च्या सुमारास ऑस्ट्रियातील मारियेनथाल गावची गिरणी बंद पडली व जवळजवळ सारा गाव बेकार झाला. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड व हान्स झाइझल यांनी तेथे जाऊन लोकांचे दिवस कसे जातात ते नोंदले. त्यांचा ग्रंथ १९३३ मध्ये निघाला. रिकामा वेळ भरपूर असूनही आणि वाचनालयाची फी माफ केलेली असूनही पुस्तके नेण्याचे प्रमाण दोन वर्षांत जवळजवळ निम्म्याने घटले. पुरुषांची चाल मंदावली, वेळेचे भान गेले. गंमत अशी की हे पाहणाऱ्या संशोधनसंस्थेचा निर्वाह बाजारपेठेच्या पाहण्या करून, म्हणजे मार्केटिंगच्याच कामावर चालत असे. बेकारी माणसाचा पगार घेते आणि मागोमाग त्याचा दिवसही घेते, हे त्यांनी दाखविले. म्हणून घरात बसलेल्या मुलाला "आज तरी काही झाले का?" असे रोज विचारू नका. सकाळी ठरलेल्या वेळी त्याला टेबल मोकळे करून द्या. अर्ज लिहिणे, माणसांना भेटणे, नवी विद्या शिकणे हेच त्याचे त्या दिवसाचे काम आहे असे माना. मुलगी असेल तर "फिरतीची नोकरी नको, लग्न करून टाकू" हा तोडगा काढू नका. निव्वळ कमिशनवर मिळेल ते काम धरायला लावतानाही विचार करा. आठवड्यात एक तास काम करणाऱ्यालाही सरकारच्या साप्ताहिक मोजणीत कामावर असलेला धरतात. पण त्या एका तासाने घर चालत नाही.

शेवटी, कंपन्यांत चांगल्या जागी असलेल्या आपल्याच बंधु-भगिनींना विनंती. आपल्यातील कित्येकांनी आपली ओळख कचेरीत सांगितलेली नाही. का सांगितली नाही हे मी जाणतो आणि त्यांना दोष देत नाही. सांगावी की नाही हा सर्वस्वी त्यांचा प्रश्न आहे. परंतु एखाद्या लायक मुलाचा रेझ्युमे योग्य टेबलावर ठेवायला, मुलाखतीत काय विचारतात हे त्याला आधी सांगायला, जाहिरात निघण्यापूर्वी जागेची बातमी द्यायला स्वतःची जात सांगावी लागत नाही. इतर समाजांत हे काम मामा-काका करतात. आपल्याकडे ते समाजानेच केले पाहिजे. प्रत्येक विहारात एक वही असावी : एका बाजूला कोण कोणत्या कंपनीत, कोणत्या गावी आहे याची त्यांच्या संमतीने नोंद, दुसऱ्या बाजूला कोण नोकरी शोधीत आहे व कोणत्या कामाची. वही सांभाळायला दोन जबाबदार माणसे नेमावीत, आणि रविवारच्या वंदनेनंतर एक तास त्यांनी एवढ्याच कामासाठी द्यावा. ज्याला नोकरी लागली त्याने आपले नाव डाव्या पानावरून उजव्या पानावर लिहावे आणि पुढच्या उमेदवारासाठी तेथेच राहू द्यावे. येत्या पौर्णिमेपर्यंत ही वही आपापल्या विहारात उघडावी.